स्पर्धा कायदा + ग्राहक कायदा, ऑनलाइन पदव्युत्तर: कुणी केलंय का?

कलमवाली

नमस्कार मंडळी.

मी एका कंपनीच्या विधी विभागात आहे. वितरकांचे करार, जाहिरातींची तपासणी, अधूनमधून एखाद्या नोटिशीला उत्तर, असं काम. कायद्याची पदवी झालेली आहे. आता स्पर्धा कायदा आणि ग्राहक कायदा या जोडविषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं मनात आहे, आणि नोकरी सोडणं शक्य नसल्यामुळे ऑनलाइनच. मेलबर्न विद्यापीठाचा दोन्ही विषय एकत्र घेणारा ऑनलाइन अभ्यासक्रम आहे, लंडनच्या किंग्ज कॉलेजचा युरोपीय स्पर्धा कायद्याचा दूरशिक्षण अभ्यासक्रम आहे, आणखीही असतील. माहितीपत्रकं वाचून झाली. सगळ्या माहितीपत्रकांत सगळे विद्यार्थी हसतमुख असतात, त्यामुळे हाती फारसं काही लागलं नाही.

ज्यांनी हा अभ्यास प्रत्यक्ष केलाय त्यांच्याकडून ऐकायचंय. अर्थशास्त्र किती लागतं? हे दोन कायदे एकत्र शिकवण्यामागे काही विचार आहे की नुसतीच मोट बांधलीय? आणि वर्गात समोरासमोर जो वाद होतो, त्याची उणीव ऑनलाइन कशी भरून काढायची? फीचे आकडे नकोत, ते संस्थळांवर मिळतात.

कामातला नेहमीचा प्रश्न सांगते, म्हणजे अंदाज येईल. विक्री विभाग विचारतो, "वितरकाला अमुक दराच्या खाली विकू नको असं करारात घालू का?" आणि मार्केटिंगवाले विचारतात, "मोठ्या अक्षरात एक दर, खाली फुलीची अट, चालेल ना?" एक प्रश्न एका कायद्यातला, दुसरा दुसऱ्या.

जुना_खटला

कलमवाली ताई, मी केलाय. नोकरी सांभाळून, ऑनलाइन. आता याच क्षेत्रात वकिली करतो. सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

या विषयात कलमं अगदी थोडी आहेत. अमेरिकेचा शर्मन कायदा १८९० चा, त्याची मुख्य कलमं दोन, काही ओळींची. युरोपीय संघाच्या पायाभूत करारातली कलम १०१ आणि १०२ मिळून एक पान भरेल. भारताच्या २००२ च्या कायद्यात कलम ३ करारांसाठी, ४ वर्चस्वाच्या गैरवापरासाठी, ५ आणि ६ विलीनीकरणासाठी, एवढं कळलं की सांगाडा हातात आला. पाठांतरावर पदवी मिळवलेल्या लोकांची इथे पंचाईत होते, कारण पाठ करायला काही उरतच नाही. उरतात ते दोनदोनशे पानांचे आदेश, आणि त्यांत आकडे, ईमेल, बैठकांची टिपणं, अर्थतज्ज्ञांचे अहवाल.

आम्हाला सुरुवातीलाच युनायटेड ब्रँड्सचा निकाल दिला होता. युरोपीय न्यायालय, १९७८, चिकिटा केळी. युरोपीय आयोगाचं, म्हणजे तिथल्या स्पर्धा नियामकाचं म्हणणं, केळी ही स्वतंत्र बाजारपेठ आहे. कंपनीचं म्हणणं, छे, केळी हा ताज्या फळांच्या बाजारपेठेचा एक भाग. वाद हास्यास्पद वाटतो, पण सगळं प्रकरण त्यावर उभं आहे. नुसत्या केळ्यांत बघितलं तर कंपनीचा वाटा ४० ते ४५ टक्के. सगळी फळं मोजायला घेतली की तो वाटा पाण्यात मीठ विरघळावं तसा नाहीसा होतो. मग वर्चस्व कुठलं आणि गैरवापर कुठला?

न्यायालयाने काय बघितलं? केळं मऊ असतं, बिया नसतात, हाताळायला सोपं, वर्षभर मिळतं. त्यामुळे लहान मुलं, म्हातारी माणसं आणि आजारी माणसं यांच्या रोजच्या गरजेला दुसरं फळ चालत नाही. म्हणजे केळ्यांचा भाव चढला तरी हा ग्राहक सफरचंदाकडे वळणार नाही. म्हणून बाजारपेठ वेगळी.

आता यात भोक शोधा. आमचा स्वाध्याय हाच होता: कंपनीच्या बाजूने लिहा. तान्ही बाळं आणि वृद्ध मिळून केळ्यांचे किती गिऱ्हाईक? बाकीचे वळत असतील, तर त्यांच्या वळण्याच्या धाकानेच भाव खाली राहणार नाही का? आणि कंपनी विकताना "हे बाळासाठी घेताय का" असं विचारून वेगळा दर लावू शकत नाही. म्हणजे जो ग्राहक सोडून जाऊ शकतो, तो न जाऊ शकणाऱ्यालाही वाचवतो. हा मुद्दा ज्याने स्वतःच्या शब्दांत मांडला, त्याला विषयाची किल्ली मिळाली असं आमच्या शिक्षिकेचं मत होतं. माझंही आहे.

त्याच निकालात अवाजवी किमतीचा आरोप मात्र न्यायालयाने रद्द केला, कारण आयोगाने कंपनीचा उत्पादनखर्चच नीट तपासला नव्हता. दंड कमी झाला. लोक पहिला अर्धा निकाल वाचून थांबतात. दुसरा अर्धा पुराव्याचा धडा आहे.

शंकासुर

सगळं छान. पण पदवी घेऊन करणार काय? स्पर्धा कायद्याची कामं मूठभर मोठ्या फर्म्सकडे जातात. ऑनलाइन पदवी बघून तिथे कोण दारात उभं करतं?

जुना_खटला

@शंकासुर, फर्म हे एकच दार धरलंत तर तुमचं खरं आहे, दार अरुंद आहे. पण कलमवाली ताई आधीच कंपनीत आहेत. विलीनीकरणाची सूचना नियामकाला द्यावी लागेल का, वितरण करारात काय चालेल, धाड पडली तर पहिल्या तासात कुणी काय करायचं, हे ठरवणारं माणूस कंपनीतच लागतं. शिवाय नियामक संस्था, अर्थशास्त्रीय सल्लागार कंपन्या, ग्राहक संघटना. पदवीच्या नावाने दार उघडत नाही हे मान्य. लिहिलेला प्रबंध दाखवता आला तर फरक पडतो, हे पाहिलंय.

एक मात्र आधीच तपासा: पदव्युत्तर पदवी म्हणजे वकिलीची सनद नव्हे, आणि परदेशी किंवा ऑनलाइन पदवी पुढे अध्यापनासाठी किंवा सरकारी पदासाठी धरली जाते की नाही, हे ज्या देशात वापरायची तिथे लेखी विचारून घ्या. अभ्यासक्रमवाल्यांच्या विक्री विभागाला विचारू नका.

मागणीवक्र

अर्थशास्त्राबद्दल मी लिहिते, माझं शिक्षण त्यातलंच. आमच्या तुकडीत वकिलांना अर्थशास्त्राची धास्ती आणि आम्हाला निकालपत्रांची, असं फिट्टंफाट होतं.

कलनशास्त्र वगैरे लागत नाही. लागतं ते हे: मागणीची लवचिकता (भाव बदलला की मागणी किती बदलते), सीमांत खर्च (आणखी एक नग बनवायचा खर्च), आणि "भाव वाढला तर कोण कुठे जाईल" असा सतत विचार करायची सवय. बाजारपेठ ठरवायची रूढ कसोटीच ती आहे. अमेरिकेच्या १९८२ च्या विलीनीकरण मार्गदर्शक सूचनांत ती आली. समजा या मालाचा एकच विक्रेता आहे आणि त्याने भाव पाच टक्क्यांनी, टिकाऊपणे वाढवला. त्याला तो पचेल का? पचत असेल तर बाजारपेठ तेवढीच. नसेल तर ग्राहक ज्या मालाकडे पळाले तो आत घ्या आणि पुन्हा विचारा.

सोपं वाटतं ना? आता सेलोफेन घ्या. १९५६, अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय, ड्यु पाँ कंपनी. देशातलं जवळजवळ ७५ टक्के सेलोफेन ती बनवत होती. न्यायालय म्हणालं, गुंडाळायचे बाकी कागदही पर्याय आहेत, ते सगळे धरले तर सेलोफेनचा वाटा २० टक्क्यांच्याही आत येतो, सबब मक्तेदारी नाही. टीकाकारांचा मुद्दा असा की कंपनीने भाव आधीच मक्तेदाराच्या टोकापर्यंत नेला असेल, तर आणखी वाढवल्यावर ग्राहक मेणकागदाकडे पळणारच. ते पळणं म्हणजे स्पर्धेची खूण नव्हे; मक्तेदारी आधीच उपभोगून झाल्याची खूण. या एका युक्तिवादावर माझ्या ओळखीचे किमान दोन वकील अर्थशास्त्राच्या प्रेमात पडलेत.

आणि बेरीज-वर्ग यायला हवेत, बाजार किती मोजक्या हातांत आहे ते मोजायला. चार कंपन्या, वाटे ४०, ३०, २०, १०. प्रत्येकाचा वर्ग करून बेरीज: १६०० + ९०० + ४०० + १०० = ३०००. शेवटच्या दोघी एकत्र आल्या तर ३४००. वाढ ४००. अमेरिकेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बेरीज १८०० च्या वर आणि वाढ १०० च्या वर असेल तर विलीनीकरण घातक असल्याचं गृहीत धरलं जातं. मग उलट पुरावा कंपन्यांनी द्यायचा. झालं, एवढंच गणित. बाकी सगळी भांडणं मूळ वाटे कशाचे मोजायचे यावर.

कलमवाली

@मागणीवक्र, हे इतकं सरळ कुणी सांगितलंच नव्हतं. भीती निम्म्याने कमी झाली.

रात्रपाळी

मी कायद्याचा नाही. अ‍ॅपचे पडदे डिझाइन करतो. आमच्याकडे "सदस्यत्व रद्द करा" हे बटण कुठे ठेवायचं यावर बैठका होतात, आणि दर वेळी ते आणखी एक पायरी आत जातं. म्हणून या विषयात रस. कायद्याची पदवी नसलेल्यांना घेतात का?

तक्रारदार

@रात्रपाळी, काही ठिकाणी घेतात. पदविका स्तरावर किंवा "कायदा शाखेबाहेरच्यांसाठी" असा मार्ग असतो. सुरुवातीला निकाल कसा वाचायचा याचा छोटा परिचयवर्ग करावा लागतो. तुमच्यासारखी माणसं तुकडीत असली की बाकीच्यांचा फायदा होतो, हे नक्की.

ग्राहक कायद्याची बाजू मी मांडतो, कारण इथे सगळे केळ्यांतच अडकलेत. एका ग्राहक संघटनेसाठी काम करतो.

ताईंनी विचारलंय, नुसती मोट आहे का? नाही. इतिहास बघा. अमेरिकेत १९१४ च्या कायद्याने फेडरल ट्रेड कमिशन आलं. कलम ५ मध्ये "स्पर्धेच्या अनुचित पद्धती" एवढेच शब्द. आयोगाने त्याखाली फसव्या जाहिरातींवर कारवाई सुरू केली. १९३१ मध्ये रॅलडॅम खटल्यात, वजन उतरवण्याच्या औषधाची जाहिरात होती, सर्वोच्च न्यायालय म्हणालं की प्रतिस्पर्ध्यांचं नुकसान दाखवा, नुसता ग्राहक फसला हे पुरेसं नाही. १९३८ मध्ये दुरुस्ती करून "अनुचित किंवा फसव्या कृती" हे शब्द घालावे लागले. ग्राहकाला स्वतःच्या हक्काने कायद्यात यायला मधली २४ वर्षं लागली.

भारतात १९६९ चा मक्तेदारी कायदा होता, त्यात १९८४ मध्ये अनुचित व्यापारी प्रथांचा भाग घातला. पुढे फाटे फुटले: एकीकडे १९८६ आणि मग २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, दुसरीकडे २००२ चा स्पर्धा कायदा. ऑस्ट्रेलियाने उलट केलं. १९७४ च्या कायद्याचं नाव २०१० च्या दुरुस्तीने थेट "स्पर्धा आणि ग्राहक कायदा" असं केलं आणि दोन्हींवर एकच आयोग. म्हणून त्यांच्या विद्यापीठात हे एकत्र शिकवणं ओघानेच आलं.

तात्त्विक बाजूही आहे. स्पर्धा कायदा बघतो की बाजारात पर्याय उरलेत का. ग्राहक कायदा बघतो की समोर असलेले पर्याय माणसाला नीट निवडता येतात का. दहा कंपन्या आहेत, पण दहाही जणींचे दरपत्रक मुद्दाम अगम्य, तर स्पर्धा कागदावरच. मायक्रोसॉफ्टचं उदाहरण घ्या. २००९ मध्ये युरोपात त्यांनी ब्राउझर निवडीचा पडदा दाखवायचं कबूल केलं. म्हणजे स्पर्धा प्रकरणाचा इलाज काय, तर ग्राहकासमोर एक पडदा! पुढे तो पडदा बऱ्याच संगणकांवर दाखवलाच गेला नाही आणि २०१३ मध्ये ५६ कोटी १० लाख युरोंचा दंड झाला.

ताईंच्या फुलीच्या अटीबद्दल: ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाचा २०१३ चा टीपीजी निकाल वाचाच. (तिथे उच्च न्यायालय म्हणजेच सर्वोच्च.) मोठ्या अक्षरात महिना २९.९९ डॉलर, अमर्याद इंटरनेट. बारीक अक्षरात, सोबत आणखी ३० डॉलरची फोनजोडणी घेतली तरच. कंपनी म्हणाली, ग्राहकाला कळतं की अशा सेवा जोडून विकतात आणि अट छापलेली आहे. न्यायालयाने जाहिरातीचा ठळक संदेश काय पोचतो ते धरलं. माणूस जाहिरात परीक्षेला बसल्यासारखी वाचत नाही. २० लाख डॉलरचा दंड कायम झाला.

मार्केटिंगवाल्यांना हा निकाल दोन पानांत करून पाठवा, वाद वाचतील.

रात्रपाळी

आणि आमचं लपलेलं बटण?

तक्रारदार

भारतात ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयक (म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या पडद्यांच्या रचनेविषयीच्या) मार्गदर्शक सूचनांत १३ प्रकार दिलेत. सदस्यत्वाचा सापळा त्यात आहे, टोपलीत गुपचूप वस्तू सरकवणंही, आणि "नको, मला पैसे वाचवायचे नाहीत" अशी लाज आणणारी बटणंही. तुमच्या पुढच्या बैठकीला प्रत घेऊन जा.

शंकासुर

अवांतर: त्या बैठकीत काय झालं ते इथे लिहायला विसरू नका राव.

मागणीवक्र

विक्री विभागाच्या प्रश्नाकडे कुणी वळलंच नाही, म्हणून. किमान पुनर्विक्री दर, म्हणजे "अमुकच्या खाली विकू नको" ही वितरकावरची अट, हा तुलनात्मक अभ्यासाचा आवडता विषय आहे, कारण एकाच करारावर चार देश चार उत्तरं देतात. अमेरिकेत १९११ पासून तो सरसकट बेकायदा होता. २००७ मध्ये लीगिन या चामडी वस्तूंच्या कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते उलटवलं. आता परिणाम तपासून ठरतं. ऑस्ट्रेलियात अजूनही थेट मनाई. युरोपात गंभीर निर्बंधांत गणना. भारतात कलम ३(४) खाली स्पर्धेवर लक्षणीय विपरीत परिणाम दाखवावा लागतो, आणि तो स्पर्धा आयोगाला दिसतो: २०२१ मध्ये मारुतीला वितरकांच्या सवलतींवर मर्यादा घातल्याबद्दल २०० कोटींचा दंड लावला गेला. डीलर जास्त सवलत देतोय का हे बघायला बनावट ग्राहक पाठवले जात होते, हे आदेशात सविस्तर आहे.

आर्थिक युक्तिवाद दोन्ही बाजूंनी आहे. एक दुकानदार वस्तू समजावून सांगण्यात वेळ घालवतो, ग्राहक ती शेजारून स्वस्तात घेतो, मग समजावून सांगायचं कुणी? हा कंपन्यांचा युक्तिवाद. मला तो महागड्या, किचकट वस्तूंपुरता पटतो. साबणाला लावला तर हसू येतं.

जुना_खटला

आता ऑनलाइनच्या प्रश्नाकडे.

ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यानं चांगली असतात, दीडपट वेगाने ऐकता येतात. चर्चाफलक मात्र बहुतेक ठिकाणी मेलेला असतो. गुण मिळतात म्हणून लोक दोन ओळी टाकतात, "वरील मताशी सहमत", आणि जातात. इथे मायबाप वाचक +१ देतात, तसंच. त्याने डोकं चालत नाही. शिवाय कुणाची सकाळ, कुणाची मध्यरात्र; थेट सत्रात निम्मे चेहरे झोपेतले.

आम्ही काही जणांनी वेगळा गट केला. आठवड्याला एक निकाल, आणि चिठ्ठी टाकून बाजू ठरवायची. ज्याला जी बाजू आली ती लेखी मांडायची, पटो न पटो. बोलण्यापेक्षा लेखी वाद या विषयाला मानवतो, असं माझं मत झालंय, कारण प्रत्यक्षातही आयोगासमोर मोठी लढाई कागदावरच होते.

दुसरी सवय, सार्वजनिक प्रतींची. युरोपीय आयोगाचे विलीनीकरणाचे आदेश उघडलेत की तक्त्यांत नेमका वाटा दिसत नाही. चौकटी कंसात [३०-४०] टक्के, [५-१०] टक्के, आणि जिथे व्यापारी गुपित आहे तिथे कंसात नुसती टिंबं. सुरुवातीला चिडायला होतं. मग हळूहळू कळतं की टिंबांच्या आजूबाजूची वाक्यं काय सांगतात. "पक्षकारांच्या अंतर्गत सादरीकरणानुसार [टिंबं] हा सर्वात निकटचा स्पर्धक होता" असं वाचलं की नाव नसलं तरी आयोगाने कशावर बोट ठेवलंय ते समजतं: कंपनीच्याच सादरीकरणावर. तेव्हापासून मी अशिलांना सांगतो, बैठकीच्या स्लाइडवर "बाजार काबीज करू" असले पराक्रम लिहू नका.

परीक्षा बहुधा घरी बसून, पुस्तक उघडं ठेवून. नमुना प्रश्न देतो. मीच रचलाय, त्यामुळे कुठल्या विद्यापीठाचा पेपर फुटलेला नाही.

*सहा स्वतंत्र गॅरेजं एकाच कंपनीचं दर सुचवणारं सॉफ्टवेअर वापरतात. अटींत लिहिलंय की सर्वांची माहिती एकत्र करून "योग्य दर" सुचवला जाईल. कंपनी सगळ्यांना ईमेल करते: सवलत दहा टक्क्यांच्या वर देऊ नये, ही सेटिंग आता आपोआप लागू होईल. पाच गॅरेजं काहीच करत नाहीत. सहावं ईमेल उघडतं, पण ग्राहकांना नियमितपणे पंधरा टक्के सवलत हाताने देत राहतं. अ‍ॅपवर प्रत्येक ग्राहकाला "फक्त तुमच्यासाठी सवलत" दिसतं, पण मूळ दर आदल्या आठवड्यात वाढवलेला आहे. सल्ला द्या.*

कलमवाली

प्रयत्न करते. गॅरेजं आपसांत बोललेलीच नाहीत. मग करार कुठे?

मागणीवक्र

बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. सारखे दर म्हणजे संगनमत असं नसतं. पेट्रोलपंप समोरासमोर असले की भाव सारखे होतातच. युरोपीय न्यायालयाने १९९३ च्या लाकडी लगद्याच्या खटल्यात म्हटलंय की समांतर वागणूक हा संगनमताचा पुरावा तेव्हाच, जेव्हा दुसरं कुठलंही पटण्याजोगं स्पष्टीकरण उरत नाही. नुसते दर सारखे असते तर मी गॅरेजांच्या बाजूने उभी राहिले असते.

जुना_खटला

पण इथे ईमेल आहे. २०१६ चा एटुरास निकाल बघा. लिथुएनियातल्या ट्रॅव्हल एजन्सी, एकच आरक्षण प्रणाली, प्रणालीच्या चालकाने संदेश पाठवला की ऑनलाइन सवलत तीन टक्क्यांवर रोखली जाईल. युरोपीय न्यायालय म्हणालं, संदेश पाठवला गेला एवढ्यावरच तो वाचला असं धरता येणार नाही. इतर वस्तुनिष्ठ खुणा हव्यात. पण ज्या एजन्सीला संदेश माहीत होता आणि तिने अंग काढून घेतलं नाही, ती सामील असल्याचं गृहीत धरता येतं. अंग काढायचं कसं? जाहीर विरोध, नियामकाकडे तक्रार, किंवा मर्यादेपेक्षा जास्त सवलत पद्धतशीरपणे देत राहणं.

कलमवाली

म्हणजे सहावं गॅरेज ईमेल वाचूनही वाचतं, कारण पंधरा टक्के देत राहिलं. आणि पाच जणांनी ईमेल उघडलं होतं का, हे आधी शोधायचं.

जुना_खटला

यालाच गुण. आता सॉफ्टवेअर कंपनी स्वतः गॅरेज चालवत नाही, ती सापडते का? भारतात २०२३ च्या दुरुस्तीने कलम ३(३) मध्ये सोय केली: त्याच व्यवसायात नसलेला पण अशा करारात भाग घेणारा किंवा घेऊ पाहणारा, तोही करारातच धरला जातो. त्याआधीचं ओला-उबर प्रकरण (अ‍ॅप दर ठरवतं म्हणजे चालकांचं संगनमत, असा आरोप) जोडून वाचा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये चालकांमध्ये संगनमत नसल्याचा निष्कर्ष कायम ठेवला, पण आयोगाकडे प्रकरण नेणारा स्वतः पीडित असलाच पाहिजे ही अट मात्र झटकून टाकली.

तक्रारदार

आणि शेवटचं वाक्य सगळे विसरले! "फक्त तुमच्यासाठी". सगळ्यांना दिसतं, म्हणजे खोटं. मूळ दर फुगवलेला, म्हणजे सवलतही खोटी. हा भाग सिद्ध करायला बाजारपेठेची व्याख्या नको, वाटे नकोत, संगनमत नको. पडद्याची छायाचित्रं आणि आदल्या आठवड्याचं दरपत्रक पुरे. सहावं गॅरेज कार्टेलमधून, म्हणजे दरांच्या संगनमतातून, सुटलं तरी, त्याच्या नावाने अ‍ॅपवर तेच वाक्य दिसत असेल, तर इथे अडकतं. दोन विषय एकत्र शिकल्याचा हा रोकडा फायदा. स्पर्धावाले वकील वर्षानुवर्षं पहिल्या भागावर लढतात आणि दुसरा भाग काही आठवड्यांत निकाली निघू शकला असता हे त्यांच्या गावीही नसतं.

जुना_खटला

@तक्रारदार, टोमणा पोचला. दंडाच्या आकड्यात मात्र पहिला भाग बराच पुढे असतो, तेही अशिलाला सांगावं लागतं.

रात्रपाळी

वाचनखूण साठवली. फुकट काही वाचायला?

मागणीवक्र

आंतरराष्ट्रीय स्पर्धा नेटवर्क, म्हणजे २००१ मध्ये देशोदेशींच्या स्पर्धा नियामकांनी उभं केलेलं, त्यांचे प्रशिक्षण व्हिडिओ मोफत आहेत. ओईसीडीच्या (आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या) स्पर्धा समितीची पार्श्वभूमी टिपणं उत्तम, एकेका विषयावर आधी अर्थशास्त्र आणि मग देशोदेशींचा अनुभव. निकालांसाठी युरोपचं युर-लेक्स, ऑस्ट्रेलियाचं ऑस्टली, आणि भारताच्या स्पर्धा आयोगाच्या संस्थळावरचे आदेश. प्रवेश घेण्याआधी यातलं थोडं वाचून बघा. कंटाळा आला तर फी वाचली.

कलमवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. अर्ज भरायचं ठरवलंय. विषय निवडताना विलीनीकरण मागे ठेवते. कार्टेल, वितरण करार आणि फसव्या जाहिराती आधी. वादाची उणीव राहू नये म्हणून इथेच एक गट करूया का? जुना_खटला म्हणतात तसं, चिठ्ठी टाकून बाजू. रात्रपाळी, तुम्ही असाल तर पडदे कसे बनतात ते तरी कळेल.

रात्रपाळी

आहे. पण चिठ्ठीत कंपनीची बाजू आली तर तीच करीन, रोजचीच आहे.

शंकासुर

मी विरुद्ध बाजू. कुठलीही असो.

जुना_खटला

चालेल. पहिला निकाल एटुरास घेऊ, छोटा आहे, युर-लेक्सवर पंधरा मिनिटांत वाचून होतो. शंकासुर, तुम्ही ईमेल न उघडलेल्या एजन्सीची बाजू लिहा. ताई, तुम्ही नियामकाची: तिने उघडला होता हे सिद्ध करायला काय काय पुरावा मागाल ते लिहा. मी नवा धागा काढून दुवा इथे देतो.